ऐकण्याची विद्या

मानसशास्त्राचा विद्यार्थी आपली विद्या कोठें शिकतो? ग्रंथांत, असें उत्तर कोणीहि देईल; पण तें अर्धेंच खरें आहे. १८७९ सालीं वुंट यानें लाइपझिग येथें प्रयोगशाळा उघडली व मनाच्या व्यापारांचें मोजमाप सुरू झालें. १८९६ सालीं अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें शुद्धलेखन न साधणारा एक मुलगा विटमर याच्याकडे आला. त्याच वर्षीं पहिलें मानसचिकित्सालय निघालें आणि विद्यार्थी गुरूच्या देखत माणूस समजून घेऊं लागले. आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठानें १९१६ सालीं या विषयाचा स्वतंत्र विभाग काढला. अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था मात्र बंगळूर येथें १९५४ सालीं उभी राहिली.

महाविद्यालयीन प्रात्यक्षिकाची कथा निराळी. एका वर्गांत मीं पाहिलें तें असें : प्रयोग करणारा विद्यार्थी, ज्याच्यावर प्रयोग तो त्याचाच मित्र, आणि निष्कर्ष गतवर्षींच्या वहींतला! तेथें चुकीनें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. म्हणून चुकींतून कोणी शिकतहि नाहीं.

याच्या उलट दाखला आपल्याच नगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांत आहे. जामखेड येथें १९७० सालीं डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें ग्रामीण आरोग्याचें कार्य आरंभिलें. गांवोगांवच्या स्त्रिया, पुष्कळशा निरक्षर व कित्येक दलित, आरोग्यसेविका झाल्या. त्या ठराविक दिवशीं जामखेडीं येत, शिकत, गांवीं परतून काम करीत, आणि पुढील खेपेस आपले अनुभव सर्वांसमक्ष मांडीत. फिरतें पथकहि गांवीं जाऊन त्यांना साह्य करी. ही मानसशास्त्राची शाळा नव्हे, हें मी जाणतों. परंतु पोट मोठें होऊन बाळंतपण अवघड जाईल या भीतीनें गरोदर स्त्री अर्धपोटीं राहते, तेव्हां औषधापूर्वीं ती भीतिच ऐकून घ्यावी लागते. ती ऐकावी कशी, हें कोणता ग्रंथ शिकवील?

१९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यानें चिकित्सक मानसशास्त्रज्ञांच्या शिक्षणास व नोंदणीस नियमांची चौकट दिली, हें योग्यच झालें. पण गुरूची देखरेख म्हणजे शिष्यावरील अविश्वास नव्हे, आणि केवळ गुणपत्रिकेवरील सहीहि नव्हे. जो परका माणूस विश्वासानें आपलें मन उघडतो, त्याचें तें संरक्षण आहे. आपली चूक गुरूपुढें निःसंकोच मांडण्याचें धैर्य ज्यास आलें, त्याच्याच स्वाधीन दुसऱ्याचें दुःख करावें.