आशियाई बीच क्रीडा स्पर्धा : पुळणीवरचे सामर्थ्य आणि मर्यादा

भव्य क्रीडागारे, कृत्रिम धावपट्ट्या आणि कोट्यवधींचा खर्च यांवाचूनही आंतरराष्ट्रीय बहुक्रीडा स्पर्धा भरवता येते, हा विचार आशियाई ऑलिम्पिक परिषदेने २००८ साली प्रत्यक्षात आणला. समुद्र, किनारा आणि वाळू हेच मैदान मानून सुरू झालेली ही स्पर्धा म्हणजे आशियाई बीच क्रीडा स्पर्धा होय. मोठ्या आशियाई स्पर्धेचे यजमानपद ज्यांना झेपणारे नाही, अशा शहरांना व लहान देशांना तिने एक नवी वाट दाखवली. तथापि आरंभीच्या आठ वर्षांत पाच वेळा झालेली ही स्पर्धा पुढे दीर्घकाळ खोळंबली. तिचे सामर्थ्य आणि तिची दुर्बलता या दोहोंचे मूळ एकच आहे. ते म्हणजे यजमानावरील तिचे अवलंबित्व.

बाली ते दा नांग

पहिली स्पर्धा १८ ते २६ ऑक्टोबर २००८ या काळात इंडोनेशियातील बाली बेटावर झाली. २००२ आणि २००५ मधील बॉम्बस्फोटांनी या बेटाच्या पर्यटन व्यवसायाला जबर तडाखा दिला होता. त्याच बेटावर आशियातील खेळाडू वाळूत उतरले. पदकतालिकेत अव्वल स्थान यजमान इंडोनेशियाने २३ सुवर्णपदकांसह मिळवले.

दुसरी स्पर्धा डिसेंबर २०१० मध्ये ओमानमधील मस्कत येथे, तिसरी जून २०१२ मध्ये चीनच्या शानडोंग प्रांतातील हायांग येथे, चौथी नोव्हेंबर २०१४ मध्ये थायलंडमधील फुकेत येथे, तर पाचवी २४ सप्टेंबर ते ३ ऑक्टोबर २०१६ या काळात व्हिएतनाममधील दा नांग येथे पार पडली. मस्कतमध्ये ५२ क्रीडाप्रकारांत सुवर्णपदके दिली गेली होती. फुकेतमध्ये हीच संख्या १६८ वर आणि दा नांगमध्ये १७२ वर पोहोचली. अवघ्या सहा वर्षांत पदकांची संख्या तिपटीहून अधिक वाढली.

वाळूचे वेगळे शास्त्र

वाळूवरचा खेळ म्हणजे नेहमीच्याच खेळाची सुट्टीतील आवृत्ती, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. पाय रुतणाऱ्या वाळूत धावण्यासाठी कठीण जमिनीच्या तुलनेत सुमारे दीडपट ऊर्जा खर्च होते. उडी मारताना पायाखालचा आधार सरकतो, वळताना तोल जातो आणि चेंडूची उसळी जवळजवळ नाहीशी होते. त्यामुळे संघ लहान, मैदान आखूड आणि डाव छोटे असे नियम करावे लागले.

बीच व्हॉलीबॉलमध्ये प्रत्येक बाजूला केवळ दोन खेळाडू असतात. त्याचे मैदान १६ मीटर लांब व ८ मीटर रुंद, म्हणजे बंदिस्त व्हॉलीबॉलच्या १८ बाय ९ मीटरच्या मैदानापेक्षा लहान असते. हा खेळ १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकपासून ऑलिम्पिकमध्ये आहे. बीच फुटबॉलमध्ये पाच-पाच खेळाडू अनवाणी खेळतात आणि सामना प्रत्येकी १२ मिनिटांच्या तीन सत्रांत होतो. चेंडू वाळूवरून नीट घरंगळत नसल्याने तो हवेतच ठेवावा लागतो. परिणामी उलट्या उडीतून मारलेली किक येथे नेहमीचे दृश्य ठरते. बीच हँडबॉलमध्ये तर हवेत स्वतःभोवती गिरकी घेऊन केलेल्या गोलाला दोन गुण मिळतात.

कबड्डीची पुळण

भारतीय वाचकाच्या दृष्टीने या स्पर्धेतील सर्वांत जिव्हाळ्याचा खेळ अर्थातच कबड्डी. वाळूवरील कबड्डीत सातऐवजी चार खेळाडूंचा संघ असतो. साखळी करून चढाईपटूला कोंडण्याची पकड येथे चौघांनाच जमवावी लागते. शिवाय चढाई करणाऱ्याला मध्यरेषेकडे झेपावताना पायाला हवा तसा जोर मिळत नाही. बालीपासून दा नांगपर्यंतच्या पाचही स्पर्धांत भारतीय महिला संघाने सुवर्णपदक राखले. पुरुषांच्या गटात मात्र असे निर्विवाद वर्चस्व राहिले नाही. दा नांगमधील अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारताला ३०-२८ असे अवघ्या दोन गुणांनी नमवले.

यजमानाची पसंती

या स्पर्धेत कोणते खेळ असावेत, यावर यजमान देशाचा मोठा प्रभाव राहिला. मस्कतमध्ये धावत्या घोड्यावरून भाल्याने जमिनीतील मेख उचलण्याचा खेळ समाविष्ट झाला. अरबस्तानातील अश्वविद्येच्या परंपरेला तो साजेसाच होता. दा नांगमध्ये वोविनाम ही व्हिएतनामी युद्धकला आली. ऑलिम्पिकच्या दारात उभे राहण्याची संधी नसलेल्या सेपाक टकरॉ, पेंचाक सिलाट, कुराश अशा आशियाई खेळांना या किनाऱ्यांनी व्यासपीठ दिले, हे या स्पर्धेचे मोठेच श्रेय आहे.

परंतु याच लवचिकतेची दुसरी बाजूही आहे. २००८, २०१२, २०१४ आणि २०१६ या चारही स्पर्धांत पदकतालिकेत यजमान देशच पहिला आला. खेळांची यादी दर वेळी बदलत गेली, तर खेळाडूला पुढच्या स्पर्धेची तयारी कशाच्या भरवशावर करावी, हा प्रश्न उरतो. चार वर्षे सराव करावा आणि आपला खेळच यादीतून गळावा, ही भीती येथे अनाठायी नाही.

थबकलेली लाट

सहावी स्पर्धा चीनमधील सान्या येथे २०२० च्या अखेरीस व्हायची होती. कोरोनाच्या साथीमुळे ती वारंवार पुढे ढकलली गेली आणि शेवटी तिच्यासाठी २२ ते ३० एप्रिल २०२६ या तारखा ठरवण्यात आल्या. म्हणजे पाचव्या आणि सहाव्या स्पर्धेत जवळपास एका दशकाचे अंतर पडले. एखाद्या खेळाडूची संपूर्ण कारकीर्द या अंतरात सामावू शकते.

जागतिक पातळीवरील अनुभव याहून निराळा नाही. राष्ट्रीय ऑलिम्पिक समित्यांच्या जागतिक संघटनेची पहिली जागतिक बीच क्रीडा स्पर्धा अमेरिकेतील सॅन दिएगो येथे २०१९ मध्ये व्हायची होती. पुरेसे प्रायोजक न मिळाल्याने ती ऐन वेळी कतारची राजधानी दोहा येथे हलवावी लागली. २०२३ ची स्पर्धा बालीकडे होती. निधीअभावी इंडोनेशियाने जेमतेम महिनाभर आधी माघार घेतली आणि स्पर्धा रद्द झाली. ज्या बेटावर आशियाई बीच स्पर्धेचा जन्म झाला, तेथेच हे घडावे हा दैवदुर्विलास. वाळू फुकट असली तरी निवास, प्रवास, प्रक्षेपण आणि सुरक्षा यांचा खर्च चुकत नाही.

दीवचा धडा

भारताला सुमारे साडेसात हजार किलोमीटरहून अधिक लांबीचा सागरकिनारा लाभला आहे. तरीही देशांतर्गत बीच स्पर्धांकडे गांभीर्याने पाहण्यास बराच उशीर झाला. दीवच्या घोघला किनाऱ्यावर जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या बीच स्पर्धेत मध्य प्रदेशने बाजी मारली. त्या राज्याला समुद्रच नाही. मे २०२५ मध्ये याच किनाऱ्यावर पहिली ‘खेलो इंडिया’ बीच स्पर्धा झाली आणि तीत मणिपूर या दुसऱ्या भूवेष्टित राज्याने अग्रस्थान पटकावले. महाराष्ट्राच्या मातीतला मल्लखांब तेथे प्रात्यक्षिक खेळ म्हणून सादर झाला.

किनारा असणे आणि किनाऱ्यावर खेळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दीवने दाखवून दिले. कोकण आणि गोव्यातील विस्तीर्ण पुळणींवर व्हॉलीबॉल व फुटबॉल रोज संध्याकाळी रंगतात. त्या खेळाला प्रशिक्षक, नियमित स्पर्धा आणि निश्चित वेळापत्रक यांची जोड मिळाली, तरच त्यातून आंतरराष्ट्रीय खेळाडू घडतील. हीच निश्चिती आशियाई स्पर्धेलाही हवी आहे.