नंदी शोधणारे पाद्री

तोरण्याच्या डागडुजीत धन सापडले आणि त्यातून राजगड उभा राहिला, ही हकिकत भोर-वेल्ह्यात मुलांनाही पाठ असते. परंपरेने सांगितलेली गोष्ट आणि जमिनीतला पुरावा यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न मात्र आपल्यापुरता नाही. नेल्सन ग्लूक हे १९२३ साली रब्बी झालेले अमेरिकन ज्यू. पुढे ते बायबलमधील प्रदेशाचे पुरातत्त्वज्ञ झाले. अकाबाच्या आखाताजवळच्या टेकाडात तांबे गाळण्याचा मोठा कारखाना सापडल्याचे त्यांनी सांगितले आणि त्याचे नाते सॉलोमन राजाशी जोडले. त्यावर आक्षेप आले. १९६५ साली ग्लूक यांनी स्वतःच ते मत मागे घेतले.

महाराष्ट्राला या जातकुळीतले एक संशोधक लाभले, ते फादर हेन्री हेरास. १८८८ साली बार्सिलोनात जन्मलेले हे जेझुइट धर्मगुरू १९२२ साली मुंबईत आले आणि सेंट झेवियर्स कॉलेजात इतिहास शिकवू लागले. १९२६ साली त्यांनी तिथे इतिहास संशोधन संस्था काढली. आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ग्लूक यांच्या हाती बायबल वाटाड्यासारखे होते. हेरास यांच्या धर्मग्रंथात गोव्याच्या कदंबांचा उल्लेख असण्याचे कारण नव्हते. त्यांनी शोधली ती दुसऱ्यांच्या देवांची घरे.

१९२९ साली त्यांनी गोव्यातील साष्टीमधल्या चांदोर येथे उत्खनन केले. हे गाव म्हणजे भोजांचे आणि पुढे कदंबांचे चंद्रपूर. याच साष्टीतली देवळे सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीने पाडली होती. त्याच राजवटीच्या काळात एका कॅथलिक धर्मगुरूने तिथे शिवमंदिराचा पाया उघडा केला. शिर तुटलेला दगडी नंदी आजही त्या जागी बसलेला आहे. हेरास यांचे गोमंतकीय शिष्य जॉर्ज मोराएस यांनी १९३१ साली कदंबांचा इतिहास प्रसिद्ध केला.

सिंधू लिपीच्या बाबतीत मात्र हेरास यांचा अंदाज पुराव्याच्या पुढे धावला. मुद्रांवरील भाषा द्राविडी कुळातली असावी, असे मानून त्यांनी शेकडो लेखांचे वाचन केले. १९५३ साली त्यांचा मोठा ग्रंथ आला. लेख अतिशय त्रोटक, सरासरी पाचेक चिन्हांचे. आणि तोच मजकूर माहीत असलेल्या दुसऱ्या लिपीत कुठेही नाही. त्यामुळे वाचन बरोबर की चूक, हे ताडायला साधनच नव्हते. विद्वानांनी ते वाचन स्वीकारले नाही. द्राविडी भाषेचा तर्क मात्र आस्को पार्पोला, इरावतम महादेवन यांच्यासारख्या अभ्यासकांनी पुढे नेला.

१९५५ साली हेरास मुंबईतच वारले. चांदोरला आधी माती बोलली आणि मग त्यांनी लिहिले. सिंधू लिपीत अर्थ आधी ठरला आणि पुरावा आलाच नाही. अडचण धर्माच्या झग्याची नव्हती, क्रमाची होती. गडकोटांच्या कथा सांगताना आपण कोणता क्रम धरतो, हे तपासायला हेरास यांची ही दोन्ही कामे शेजारी ठेवून पाहावीत.