डिरेक्टरी ट्रॅव्हर्सल म्हणजे काय? दोन टिंबांनी अपाची सर्व्हर कसा उघडा पडला

आपण वेबसाइट उघडतो तेव्हा पलीकडचा सर्व्हर एका ठरावीक फोल्डरमधल्याच फाइली आपल्याला दाखवतो. निदान तशी अपेक्षा असते. युनिक्स आणि लिनक्समध्ये फाइलच्या पत्त्यात सलग दोन टिंबं (..) म्हणजे 'एक फोल्डर वर जा'. वेब पत्त्यात ही टिंबं पुन्हा पुन्हा घालून त्या फोल्डरच्या बाहेर पडणं म्हणजे डिरेक्टरी ट्रॅव्हर्सल.

युक्ती इतकी जुनी आहे की '../' दिसताच सर्व्हर ते अडवतात. तरीही २०२१मध्ये अपाची या प्रसिद्ध वेब सर्व्हरची २.४.४९ ही आवृत्ती नेमकी इथेच फसली. (नोंद क्रमांक: सीव्हीई-२०२१-४१७७३.) तिच्यात पत्ता तपासण्याची पद्धत बदलली होती. वेब पत्त्यात टिंब '%२ई' असंही लिहिता येतं. पहिलं टिंब साधं आणि दुसरं या रूपात आलं, की तपासणीला ती जोडी ओळखूच येईना. रखवालदारासमोरून नुसती टोपी बदलून आत जावं, तसा प्रकार! आत गेल्यावर '%२ई'चं पुन्हा टिंब होई आणि सर्व्हर वरच्या फोल्डरात शिरे.

हल्लेखोर आधी 'पासडब्ल्यूडी' ही फाइल मागून बघत. नाव काहीही असलं तरी आजकाल तिच्यात पासवर्ड नसतात, फक्त वापरकर्त्यांची यादी असते. पण ती मिळाली म्हणजे दार उघडं आहे हे कळतं. खरा धोका पुढचा होता. सर्व्हरवर सीजीआय ही सोय चालू असेल, तर याच वाटेने बाहेरून थेट कमांड चालवता येत होत्या.

प्रत्येक सर्व्हर मात्र सापडला नाही. अपाचीसोबत येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये बाहेरच्या फोल्डरांना सरसकट मनाई असते. ती ज्यांनी काढली किंवा सैल केली, ते अडचणीत आले. गंमत म्हणजे २.४.४८वरच थांबलेल्यांना या चुकीची झळ लागली नाही.

४ ऑक्टोबरला दुरुस्त केलेली २.४.५० आली, तोवर हल्ले सुरू झाले होते. शिवाय दुरुस्ती अपुरी निघाली. '%२ई' हेच पुन्हा एकदा सांकेतिक रूपात लिहिलं, म्हणजे टिंबावर दुहेरी बुरखा घातला, की नवी तपासणीही चुकत होती. शेवटी ७ ऑक्टोबरला २.४.५१ आली आणि ही पळवाट बंद झाली. वेबसाइट बघणाऱ्याच्या हातात यात काहीच नव्हतं. आवृत्ती बदलणं हे सर्व्हर चालवणाऱ्याचंच काम.