नागपूरच्या दगडातलं तळं

मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर चढला, की "विदर्भ पहिल्यापासून असाच" म्हणणारे भेटतातच. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला. मी त्यांना दगड दाखवतो.

हे दगड पहिल्यांदा मन लावून गोळा केले ते एका स्कॉटिश पाद्र्याने. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आला तो धर्मप्रसाराला, पण रमला शहराजवळच्या टाकळीच्या खडकांत. तिथल्या दगड झालेल्या फळा-बियांवर, शिंपल्यांवर त्याने रॉबर्ट हंटरच्या जोडीने लिहिलेला निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय नियतकालिकात आला.

दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, पण तो काही एका दमात आला नाही. मधल्या उसंतीत खोलगट भागांत तळी साचली, काठांवर रान माजलं. गाळात पडलेल्या खोडांच्या पेशीपेशीत पाण्यातली सिलिका भरली आणि पुढच्या लाव्ह्याने वरून झाकण घातलं.

अशा दगड झालेल्या ताडाच्या खोडाचा काप काचेवर चिकटवून कार्बोरंडमच्या भुकटीने घासायचा. हे काम कंटाळवाणं. विद्यार्थी पळ काढतात. पण उजेड आरपार जाईल इतका तो पातळ झाला, की मायक्रोस्कोपखाली रस वाहणाऱ्या नळ्यांचे जुडगे विखुरलेले दिसतात, प्रत्येकाला जाड तंतूंची टोपी. काही नमुन्यांत मधल्या भागात हवेच्या पोकळ्याही असतात. पाणथळीतल्या झाडांत त्या सहसा आढळतात.

छिंदवाड्याजवळच्या मोहगाव कलानची गोष्ट तर याहून नवलाची. तिथे निपा या पाणताडाचं फळ मिळालं, के. पी. रोडे आणि बिरबल साहनी यांनी १९३७ मध्ये त्यावर लिहिलं. निपा आज सुंदरबनच्या खाडीतल्या चिखलात वाढतो. म्हणजे समुद्राचा एखादा फाटा थेट तिथवर आला असावा, असा तर्क निघाला. एका फळावर एवढा समुद्र उभा करणं मला जरा धाडसाचं वाटतं. पण हवा उबदार आणि जमीन ओली होती, याला साक्षीदार पुष्कळ आहेत.

चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. पॉलिश केलेला ताडाचा दगड बैठकीत मिरवणाऱ्या एका गृहस्थांना तो कुठला, कुठल्या थरातला, विचारलं. त्यांना गावही सांगता येईना. थर सुटला की साक्ष गेली. तेव्हा असा दगड दिसला तर फोटो काढा, गाव आणि नाला लिहून घ्या, जवळच्या कॉलेजात भूशास्त्र विभागाला कळवा. दगड मात्र आहे तिथेच राहू द्या.