तगरचं कापड, वाशीचा खवा

गटात इतिहासाचा विषय निघाला की बायका म्हणतात, "ताई, आपल्या वाशीत काय घडलंय?" म्हणून आज तेरणेपासून सुरुवात करते.

तेरणा आपल्याच तालुक्यात, तेरखेड्याच्या डोंगरात उगवते. फटाक्यांमुळं तेरखेड्याचं नाव झालं, नदीचं कुणी काढत नाही. हा बालाघाटाचा माथा. उत्तरेचं पाणी मांजरेला मिळून गोदावरीत जातं, तर भूम-परंड्याकडचं सीनेतून भीमेला. पाणी उताराला लागतं, आपल्याजवळ थांबत नाही. त्यामुळं वस्तीही विरळ. २०११ च्या जनगणनेत राज्यात एका चौरस किलोमीटरला ३६५ माणसं होती, आपल्या जिल्ह्यात २१९.

याच तेरणेकाठी खाली गोरोबाकाकांचं तेर आहे. त्याचं जुनं नाव तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रमार्गाच्या व्यापाराची माहिती देणारं 'पेरिप्लस' हे ग्रीक पुस्तक लिहिलं गेलं. तगरचं कापड गाड्यांवर घालून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला नेत, असं त्यात आहे. सूत कुणी कातलं, हे मात्र नाही.

आता आपल्या खव्याचं बघा. कोरडवाहू रान, पावसाचा भरवसा नाही, म्हणून दावणीला जनावर. पण दूध नासतं, आणि शहर लांब. पाच लिटर म्हशीचं दूध आटवलं की साधारण किलोभर खवा होतो. ओझं कमी, टिकतोही जास्त. म्हणून भूम-वाशी भागात भट्ट्या वाढल्या, सरमकुंडीचा खवा लांबलांबच्या मिठाईवाल्यांकडं जायला लागला. कुंथलगिरीच्या पेढ्याचं तर काय सांगावं!

वैरण, शेण, धारा बाईकडं. घरची भट्टी असली तर धुरात उलथणं घेऊनही तीच उभी. दुधाचं कार्ड मात्र बहुतेक घरात मालकाच्या नावावर. कर्जाच्या अर्जात 'व्यवसाय' म्हणून आपल्याच बाया 'घरकाम' लिहितात, तेव्हा मला ते ग्रीक पुस्तक आठवतं.

तर येत्या बैठकीला येताना एक कागद आणा. घरी जनावरं किती, रोजचं दूध किती, धार कोण काढतं आणि पैसे कुणाच्या खात्यात जातात, एवढंच लिहा. लिहिता येत नसेल तर लेकीकडून लिहून घ्या.