‘कॅम्प’ या शब्दाचे मुक्काम

आज आपण छावणीत बसलो आहोत, म्हणून शब्दही इथलाच घेतो. इंग्रजीतला ‘कॅम्प’. पहिली-दुसरीतल्या पोराला माहीत असलेला शब्द. पण याचं मराठी करा म्हटलं की पंचाईत होते. छावणी म्हणावं, तळ म्हणावं, शिबिर, गोट, पडाव की मुक्काम? कोशात हे सगळे शब्द शेजारी शेजारी बसलेले दिसतात. व्यवहारात ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. रक्तदानाचं शिबिर असतं, रक्तदानाचा तळ नसतो. विरोधकांच्या गोटात खळबळ उडते, विरोधकांच्या शिबिरात उडाली तर अर्थ वेगळा होतो. विटगेन्स्टाइन म्हणाला होता की शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात शोधा. तेच आज करायचं आहे, फक्त इतिहासातून.

आधी इंग्रजी शब्दाची जन्मकथा थोडक्यात. लॅटिनमध्ये ‘कॅम्पस’ म्हणजे मोकळं मैदान. रोममध्ये जिथे सैन्याची कवायत व्हायची, ते मैदान युद्धदेवतेच्या नावाचं. त्यातून सैन्याचा कॅम्प आला, सैन्याची मोहीम म्हणजे कॅम्पेन आली आणि पुढे विद्यापीठाचं कॅम्पस आलं. म्हणजे निवडणुकीचं कॅम्पेन आणि विद्यार्थ्यांचं कॅम्पस, दोघांचं आजोळ कवायतीचं मैदान! आपणही प्रचाराची ‘मोहीम’च म्हणतो. निवडणूक म्हटली की लढाईचे शब्द दोन्हीकडे आपोआप येतात.

थोडक्यात, इंग्रजी शब्द मोकळ्या जागेतून आला. आपली छावणी मात्र छपरातून आली. छावणे म्हणजे छप्पर शाकारणे. मराठ्यांचं लष्कर दसऱ्याला बाहेर पडायचं आणि पावसाळ्यात छावणीला परत यायचं. सभासदाच्या बखरीत हे वर्षाचं चक्र सांगितलेलं आहे. चालत्या फौजेचा एका-दोन रात्रींचा थांबा तो तळ. चार महिने छपराखाली काढायचे ती छावणी. तळ पडतो, छावणी होते. क्रियापदंसुद्धा वेगळी आहेत बघा.

छावणी म्हणजे काय जोखीम होती, हे कळायला राज्याभिषेकाच्या आगेमागे शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या घोडदळाला पाठवलेलं पत्र वाचावं. अनेकांनी ते वाचलं असेल. मी त्याचा आशय सांगतो. पावसाळ्यासाठी दाणा-वैरण साठवून ठेवली आहे, ती आत्ताच उधळलीत तर पुढे घोडी मरतील. मग तुम्ही कुणब्याच्या घरात शिराल, कोणी दाणे आणील, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा, कोणी भाजी. मग रयतेला मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट वाटाल. पुढे आगीची काळजी. कोणी आगट्या करील, कोणी तंबाखू ओढील, कोणी दिवा तसाच ठेवील आणि उंदीर जळती वात ओढून नेईल. गवताची गंजी पेटली की सगळी छावणी गेली. राजा उंदराचा विचार करतोय! पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे, छावणीच्या शेजारी राहणाऱ्या माणसाचा विचार करतोय. छावणी कधीच एकटी नसते. तिच्या बाजूला कुणाचं तरी शेत असतं.

बाकीचे शब्द भरभर घेतो. फारसीतला लष्कर म्हणजे फौज. पुण्यात ती फौज राहायची त्या भागालाच लष्कर म्हणू लागले. दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये ग्वाल्हेरला तळ दिला, तो हललाच नाही. त्याचं लष्कर नावाचं शहर झालं. तुर्कीत ‘ओर्दू’ म्हणजे छावणी. त्यातून उर्दू. सिराज औरंगाबादी ज्या भाषेत गझला लिहीत, त्या भाषेच्या नावातच छावणी आहे. आणि आपण? पिढ्यान्‌पिढ्या एका गावात राहणारा माणूस पत्त्यावर ‘मु. पो.’ लिहितो. मुक्काम! जन्मभराचा थांबा.

आता खाम नदीच्या या काठाकडे येऊ. ही छावणी हैदराबाद कंटिन्जंटची. अधिकारी इंग्रज, खर्च निजामाचा. तो खर्च थकत गेला आणि 1853 च्या तहात निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या हाती द्यावा लागला. एका फौजेच्या पगारापायी मराठी मुलखाचा एवढा मोठा तुकडा वेगळ्या कारभाराखाली गेला. 1857 च्या जूनमध्ये इथल्या घोडदळाने बंड केलं. जनरल वुडबर्नची पलटण आली, पकडलेल्यांना फाशी दिलं, काहींना तोफेच्या तोंडी दिलं. पुढे 1903 मध्ये कंटिन्जंटच राहिली नाही. वऱ्हाड मात्र निजामाच्या कारभारात परत आला नाही. ज्या कारणासाठी मुलूख घेतला ते कारण संपलं, घेणं तेवढं उरलं.

इंग्रजांनी अशा कायमच्या ठाण्याला कॅम्प म्हटलं नाही, कॅन्टोन्मेंट म्हटलं. सरकारी कागदांत त्याचं कुठे ‘कटक मंडळ’ होतं, कुठे ‘छावणी परिषद’. कटक हा संस्कृत शब्द, अर्थ तोच. लोकांनी कागद बघितले नाहीत. त्यांच्या तोंडी छावणी होतं, ते राहिलं.

विसाव्या शतकात हा शब्द नागरिकांच्या वाट्याला आला. सुरुवात थोडी आधीच झाली. 1897 च्या प्लेगात पुण्यात लोक स्वतःहून माळावर झोपड्या बांधून राहिले आणि काहींना सोल्जरांनी घरातून काढून सेग्रिगेशन कॅम्पात नेलं. दोघेही घराबाहेरच. पण एकाला बाहेर पडताना दाराला कुलूप लावता आलं, दुसऱ्याला नाही. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी कॅम्पात सिंधी निर्वासित आले. 1949 मध्ये त्याचं उल्हासनगर झालं, तरी ‘कॅम्प नंबर चार’ हा पत्ता आजही चालतो.

मला सगळ्यात विचार करायला लावणारा शब्द वेगळाच आहे. इंग्रजीत ‘कॉन्सन्ट्रेशन कॅम्प’. शब्दशः, माणसं एकत्र गोळा करण्याची जागा. बोअर युद्धात इंग्रजांनी हेच नाव वापरलं आणि त्या कॅम्पांत हजारो बायका-मुलं मेली. नाव ऐकून काही कळतं का? मराठीने त्याला म्हटलं, छळछावणी. ज्याने कोणी हा शब्द घडवला त्याने भाषांतर केलं नाही, साक्ष दिली. कोणी म्हणेल, भाषांतरकाराने निवाडा देऊ नये. मला ते पटत नाही. ‘गोळा करणे’ हाही निवाडाच आहे, फक्त गोळा करणाऱ्याच्या बाजूचा.

याच छावणीला चांगला अर्थही मिळाला. सगळे शिबिरं घेत होते तेव्हा बाबा आमट्यांनी सोमनाथला श्रमसंस्कार छावणी भरवली. आणि आपल्या मराठवाड्यात चारा छावणी. बीडकडच्या मंडळींना सांगायला नको. 2013 मध्ये, 2019 मध्ये माणसं जनावरांसोबत तिथेच राहिली. हिरव्या जाळीच्या सावलीखाली चूल, बाजूला दावणीला गाय. जुन्या छावणीत माणसं पाऊस संपायची वाट बघत, इथे तो यायची. पाऊस पडला की दावं सोडून घरी जायचं. आजच्या सगळ्या छावण्यांमध्ये एवढी एकच मला अशी दिसते, की तिथे राहणाऱ्याला ती कधी मोडणार हे ठाऊक असतं. निदान आभाळाकडे बघून अंदाज तरी करता येतो.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.