नाळेतले रक्त निवडायचे कसे?

बाळाची नाळ कापल्यावर वारेत आणि नाळेच्या उरलेल्या तुकड्यात जे रक्त राहते, ते चहाच्या एका कपात मावेल एवढेच असते. पूर्वी ते वारेबरोबर मातीत जाई, नंतर दवाखान्याच्या कचऱ्यात जाऊ लागले. या रक्तात रक्तपेशी घडवणाऱ्या मूलपेशी असतात. व्हर्जिनियातील नॉर्मन आणि मिल्टन एंडे या डॉक्टर बंधूंनी ल्युकेमियाच्या एका रुग्णाला ते दिल्याची नोंद १९७२ साली प्रसिद्ध केली होती. निवडीची गोष्ट मात्र बऱ्याच उशिरा सुरू होते.

ऑक्टोबर १९८८मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात एलियान ग्लुकमन यांनी पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले, तेव्हाही निवडण्यासारखे काही नव्हते. फॅन्कोनी ॲनिमिया झालेल्या पाच वर्षांच्या अमेरिकन मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतले रक्त द्यायचे होते. तिला तो आजार नाही आणि तिचे ऊतिगट भावाशी जुळतात, हे ती गर्भात असतानाच तपासून झाले होते. हॅल ब्रॉक्समायर यांनी इंडियानात ते रक्त गोठवले आणि ते अटलांटिकपार गेले. पिशवी एकच, रुग्णही एकच.

निवडीचा प्रश्न परक्यांच्या पिशव्या जमू लागल्यावर आला. पाब्लो रुबिनस्टाइन यांनी न्यूयॉर्क ब्लड सेंटरमध्ये सार्वजनिक बँक उभारायला घेतली आणि १९९३मध्ये ड्यूक विद्यापीठात जोआन कुर्ट्झबर्ग यांनी नात्याबाहेरच्या दात्याचे असे रक्त पहिल्यांदा वापरले. सुरुवातीला सगळे लक्ष एचएलए ऊतिगटांवर होते. ए, बी आणि डीआर या तीन जागांचे आईकडून तीन आणि वडिलांकडून तीन, असे सहा गट मोजत. अस्थिमज्जेच्या दात्याकडून तेव्हा जवळजवळ पूर्ण जुळणी लागे. नवजाताच्या प्रतिकारपेशी मात्र अजून कोऱ्या असल्याने सहापैकी चार जुळले तरी निभावते. ज्यांना मज्जादाता सापडत नव्हता, त्यांच्यासाठी ही मोठी सवलत होती.

मग हिशेब बदलला. रुबिनस्टाइन यांच्या गटाने १९९८मध्ये ५६२ रुग्णांचे निष्कर्ष मांडले. नवी मज्जा किती लवकर रुजते, हे प्रामुख्याने रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे किती पेशी मिळाल्या यावर ठरत होते. पुढे दर किलोला किमान अडीच कोटी केंद्रकयुक्त पेशी हा अंक रूढ झाला. दहा किलोच्या बाळाला २५ कोटी पेशी पुरतात. साठ किलोच्या माणसाला १५० कोटी लागतात, आणि एवढी भरलेली पिशवी दुर्मीळ. पहिली वर्षे हे उपचार मुलांचेच का राहिले, ते या गुणाकारातच आहे. मिनेसोटा विद्यापीठातील डॉक्टरांनी मोठ्यांना दोन बाळांच्या पिशव्या एकदम देऊन पाहिल्या. गंमत अशी की शेवटी बहुधा एकाच बाळाची मज्जा टिकते. मुलांमध्ये तर एक पिशवी पुरेशी असेल तर दुसरीने आयुष्य वाढत नाही, हे २०१४मध्ये स्पष्ट झाले.

या अंकाने बँकांची चाळणीही बारीक केली. आईचा आरोग्य-इतिहास, तिच्या रक्तातील संसर्गांच्या चाचण्या आणि जंतुविरहितता हे पाहावेच लागे. पण कमी पेशींची पिशवी गोठवून उपयोग काय? ती वर्षानुवर्षे द्रव नायट्रोजनची जागा अडवणार आणि तिला कोणी मागणार नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय साठ्यासाठी साधारण ९० कोटी पेशींची अट आली. साहजिकच जमा झालेल्या पिशव्यांपैकी बऱ्याच गोठवण्याआधीच बाद होतात. स्वतःच्याच बाळासाठी रक्त साठवणाऱ्या खासगी बँकांचे गणित वेगळे. बाळाला जनुकीय आजार झाला तर तोच दोष त्याच्या नाळेतल्या रक्तातही असतो. पॅरिसच्या मुलालाही रक्त बहिणीचेच लागले होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद अशा खासगी साठवणीची शिफारस करत नाही.

जुळणी आणि संख्या यांतले मोठे कोण, हा वाद २०१०मधील १,०६१ रुग्णांच्या अभ्यासाने बराचसा मिटवला. सहाही गट जुळले तर पेशी कमी असल्या तरी चालते. एक गट चुकला तर दर किलोला अडीच कोटींहून अधिक हव्यात, दोन चुकले तर पाच कोटींहून अधिक. नंतर कसोट्या आणखी बारीक झाल्या: सी जागा धरून आठ गटांची जनुकपातळीवर जुळणी होऊ लागली, आणि एकूण पेशींबरोबर सीडी ३४ ही खूण असलेल्या, म्हणजे खऱ्या कामाच्या, पेशी मोजल्या जाऊ लागल्या. त्यांचा किमान अंक दर किलोला दीड लाखाच्या आसपास धरतात.

शेवटची परीक्षा पिशवीला जोडलेल्या नळीच्या तुकड्याची. तो पिशवीसोबतच गोठवलेला असतो. तेवढाच वितळवून ऊतिगट पुन्हा तपासतात, म्हणजे लेबलाची चूक उघडी पडते. पेशी जिवंत आहेत का तेही कळते. हे सगळे जमले की पिशवी रवाना होते. ती रुग्णालयात पोचल्यावरच रुग्णाची जुनी मज्जा नष्ट करणारी औषधे सुरू करतात.